धडक अटळ दिसते तेव्हा मोटारसायकलस्वाराने काय करावे

धडक टळत नाही असे दिसताच गाडी मुद्दाम आडवी पाडून घसरत जावे, हा सल्ला मुरलेले म्हणवणारे चालकही नवशिक्यांना अजून देतात, आणि तो घातक आहे. रस्त्यावर रबरी टायरला जी पकड मिळते ती घासत जाणाऱ्या लोखंडाला किंवा प्लॅस्टिकला मिळत नाही. त्यामुळे आडवी पडलेली गाडी नीट ब्रेक लावलेल्या उभ्या गाडीपेक्षा उशिरा थांबते, शिवाय तिला वळवणेही आपल्या हातात उरत नाही. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ताशी 60 किलोमीटरचा वेग 30 वर आणला की ती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून धडक होणारच असली तरी शेवटच्या क्षणापर्यंत गाडी उभी ठेवून वेग कमी करत राहायचे.

प्रथम थ्रॉटल बंद करून क्लच दाबा.

आता पुढचा ब्रेक. मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच, आणि बहुतेकांचे चुकते तेही इथेच. पुढचा ब्रेक लावला की गाडी पालथी होते, या भीतीने कित्येकजण केवळ मागच्या ब्रेकवर उभे राहतात. खरे तर जोरात थांबताना बहुतांश काम पुढचे चाकच करते, कारण सगळा भार पुढे सरकतो आणि मागचे चाक हलके होते. मात्र हा भार पुढे यायला क्षणभर लागतो, आणि त्याआधीच लिव्हर झटक्याने आवळला तर पुढचे चाक जाम होऊन गाडी खालून निसटते. म्हणून लिव्हर आधी ब्रेक धरेपर्यंत दाबावा, पुढचे शॉक खाली बसल्याचे मनगटांना जाणवले की तसाच जोर वाढवत न्यावा. हे सगळे एका सेकंदाच्या आत व्हायला हवे, आणि ताशी 60 च्या वेगाने गाडी तेवढ्यात जवळपास 17 मीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे मोकळ्या, कोरड्या जागेत, कमी वेगापासून सुरुवात करून हा सराव हातात भिनवल्याखेरीज ऐनवेळी तो जमत नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि कोपरे किंचित वाकलेली ठेवा. पुढचे चाक जाम झालेच तर लिव्हर तत्क्षणी सोडून पुन्हा दाबा. उलट मागचे चाक जाम होऊन गाडीची शेपटी बाजूला गेली असेल तर तो ब्रेक एकदम सोडू नका, कारण पकड अचानक परतली की गाडी चालकाला वर भिरकावून देते. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, असेल तर लिव्हर थरथरला तरी पूर्ण जोराने दाबून ठेवा.

नजर अडथळ्यावर खिळवू नका, कारण नजर जिथे जाते तिकडेच गाडी ओढली जाते. शेजारची मोकळी फट शोधा. फट मिळाली तर आधी ब्रेक सोडा आणि मगच वळा, कारण पूर्ण जोराचे ब्रेक आणि वळण ही दोन्ही कामे टायर एकाच वेळी पेलू शकत नाही. वळताना डावीकडे जायचे असेल तर डावी मूठ पुढे ढकला. वेगात असलेली गाडी त्याच बाजूला कलते.

फट नसेल तर ब्रेक सोडू नका आणि उडी मारू नका. उडी मारल्याने अंगाचा वेग कमी होत नाही, फक्त ब्रेक लावायला कोणी उरत नाही.

गाडीवरून फेकले गेलात तर हँडल सोडून द्या, नाहीतर गाडीखाली सापडाल. पडताना सरळ हात टेकून अंग सावरू नका. मनगट आणि गळपट्टीचे हाड अशानेच मोडते. हनुवटी छातीशी, हात अंगाशी घ्या, आणि आपण पूर्ण थांबलो आहोत याची खात्री होईपर्यंत उठू नका, कारण घसरणारा माणूस स्वतःला थांबलेला समजून उभा राहतो आणि पुन्हा आदळतो. त्यानंतर चालता येत असेल तर रहदारीतून बाजूला व्हा. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर हलू नका आणि श्वासाला अडथळा नसेल तोवर हेल्मेट कोणालाही ओढून काढू देऊ नका.