दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले लांबचे अंतर हमखास चुकते. गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी असते अशा वर्तुळाचा कंस असतो. म्हणूनच टोकियोहून न्यूयॉर्कला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग पॅसिफिक महासागराच्या मध्यातून न जाता अलास्कावरून जातो. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास हे लगेच दिसते.

अंतर काढण्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश व रेखांश लागतात. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरावेत. साइन आणि कोसाइन ही कोनांची त्रिकोणमितीय गुणोत्तरे कॅल्क्युलेटरवर मिळतात. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा आणि त्यात दोन्ही अक्षांशांची कोसाइन व रेखांशांमधील फरकाची कोसाइन या तिन्हींचा गुणाकार मिळवावा. ही बेरीज ज्या कोनाची कोसाइन असेल, त्या कोनाच्या अंशांना १११.२ ने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. लंडन आणि न्यूयॉर्कसाठी हा कोन ५० अंशांहून किंचित जास्त, म्हणजेच अंतर सुमारे ५,५७० किलोमीटर येते.

मोठी जेट विमाने ताशी साधारण ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात, त्यामुळे हे अंतर कापायला सव्वासहा ते साडेसहा तास लागावेत. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण आणि उतरण यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळवावा. मात्र या आकड्यावर थांबू नये, कारण खरा फरक वाऱ्यामुळे पडतो. मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात अधिक जोरकस असतो. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे सात तास लागतात, तर उलट दिशेने जवळपास आठ. मार्ग बंद असेल तर गणित आणखी बदलते: २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला.

वेळापत्रक हाताशी असेल तर एक सोपा पडताळा करता येतो, आणि माझ्या मते तो प्रत्येकाने करावा. वेळापत्रकातील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते. लंडनहून सकाळी ११ वाजता निघून न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता पोहोचणाऱ्या विमानाला घड्याळानुसार तीनच तास लागलेले दिसतात. परतीला रात्री ८ ते सकाळी ८ असे बारा तास दिसतात. दोन्हींची बेरीज केली की वेळेतील फरक आपोआप कटतो, आणि १५ ला २ ने भागल्यावर एका बाजूचा सरासरी वेळ साडेसात तास निघतो. एकाच बाजूची वेळ माहीत असेल, तर दोन शहरांतील वेळेचा फरक प्रवासाच्या तारखेचाच घ्यावा. लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक एरवी पाच तासांचा असला, तरी दोन्हीकडे उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे नेणे) वेगवेगळ्या तारखांना सुरू होते आणि संपते, त्यामुळे मार्चमधील काही आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा सुमारे एक आठवडा तो चारच तासांचा असतो.