मल्टिक्लास केलं की कुठला बोनस वाढतो आणि कुठला जागचा हलत नाही

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) च्या कॅरेक्टर शीटवर वरती 'क्लास अँड लेव्हल' असं एकच खोकं असतं आणि मल्टिक्लासचा, म्हणजे एकाच कॅरेक्टरला फायटर, रोग अशा एकाहून जास्त क्लासच्या लेव्हल घेण्याचा, निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. एक क्लास असतो तोवर ठीक, फायटर ५ लिहिलं की काम झालं. पण पाचव्यानंतर तुम्ही तीन लेव्हल रोग च्या घेतल्या, तर आता तुमची लेव्हल किती? आठ? की पाच आणि तीन? उत्तर आहे दोन्ही, आणि कुठल्या हिशोबाला कुठला आकडा धरायचा एवढंच शिकायचंय. त्यामुळे पहिलं काम हे करा, पेन्सिल घ्या आणि त्या खोक्यात लिहा 'फायटर ५ / रोग ३', शेजारी ८ लिहून त्याला गोल करा. हा गोलातला ८ म्हणजे कॅरेक्टर लेव्हल, बाकीचे दोन म्हणजे क्लास लेव्हल. (मी सांगतोय ते पाचव्या एडिशनचं, २०१४ चे नियम धरून, २०२४ च्या पुस्तकात जिथे मोठा फरक आहे तिथे सांगेन.)

गोलातल्या आकड्यावर चालणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रोफिशिएन्सी बोनस, म्हणजे जे तुमच्या कॅरेक्टरला नीट येतं त्याच्या रोलमध्ये मिळवायचा आकडा. १ ते ४ ला +२, ५ ते ८ ला +३, ९ ते १२ ला +४, १३ ते १६ ला +५, आणि १७ पासून +६. म्हणजे आपल्या गड्याला +३. फायटरचे +३ आणि रोगचे +२ मिळून +५ अजिबात नाही, हे नवीन लोक हमखास करतात. दुसरं म्हणजे हा बोनस एका रोलमध्ये एकदाच लागतो, अॅक्रोबॅटिक्स फायटरकडूनही आहे आणि रोगकडूनही मिळतंय म्हणून दोनदा लावायचा नाही. फक्त रोगच्या एक्स्पर्टिज मध्ये तो दुप्पट होतो, म्हणजे निवडलेल्या दोन स्किल्सना +३ च्या जागी +६, आणि त्याच्याही वर परत दुप्पट होत नाही. कॅन्ट्रिपचं (कितीही वेळा टाकता येणारी छोटी जादू) डॅमेजही गोलातल्याच आकड्यावर वाढतं, त्यामुळे विझर्डची एकच लेव्हल घेतलेल्या माणसाचा फायर बोल्टसुद्धा पाचव्या कॅरेक्टर लेव्हलला २डी१० (दहा बाजूंचे दोन फासे) होतो.

आता क्लास लेव्हलवर चालणाऱ्या गोष्टी, आणि खरी गोची इथेच आहे. स्नीक अटॅक (रोगचं संधी साधून केलेल्या वाराचं जास्तीचं डॅमेज) फक्त रोगच्या लेव्हल मोजतो, रोग ३ म्हणजे २डी६, वरचे पाच फायटर त्यात धरायचे नाहीत. आणि अॅबिलिटी स्कोअर इम्प्रूव्हमेंट, ज्यात स्कोअरला +२ किंवा फीट (एखादी खास क्षमता) मिळतं, ते प्रत्येक क्लासच्या ४, ८, १२, १६, १९ ला येतं (फायटरला वर ६ आणि १४ ला, रोगला १० ला जास्तीचं). आमच्या टेबलवर एकजण फायटर ३ वरून रोग १ झाला आणि 'चौथी लेव्हल आली' म्हणून डेक्स्टेरिटी १६ ची १८ (म्हणजे तिचा बोनस +३ चा +४) करून मोकळा झाला. तीन सेशन कोणाच्या लक्षात नाही आलं, डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) मी होतो आणि माझ्याही नाही, मग एकदा त्याचा एसी (आर्मर क्लास, त्याला वार लागायला गाठावा लागणारा आकडा) माझ्या वहीतल्यापेक्षा एकने जास्त निघाला तेव्हा शोधाशोध केली तर धनुष्याचा टू-हिट, डॅमेज, इनिशिएटिव्ह, स्टेल्थ सगळंच एकेकने पुढे. एक चूक आणि अर्धं शीट खोडरबरने घासायचं. आपला फायटर ५ / रोग ३ वाला गडी आठव्या लेव्हलला पोचला तरी त्याला इम्प्रूव्हमेंट एकच मिळालेली असते. सरळ फायटर ८ राहिला असता तर तीन झाल्या असत्या. हा हिशोब करूनच उडी मारा, माझ्या मते तरी पाचवीच्या आधी मल्टिक्लास करण्यात बहुतेकदा तोटा आहे, कारण पाचवीला फायटरला एक्स्ट्रा अटॅक मिळतो आणि तो लांबला की लढाईत मागे पडल्यासारखं होतं. आणि हो, तो एक्स्ट्रा अटॅक दोन क्लासकडून मिळाला तरी साचत नाही, फायटर ५ / पॅलाडिन ५ ला दोनच अटॅक. तिसरा हवा तर फायटर ११ गाठा.

अनआर्मर्ड डिफेन्सचंही (चिलखत न घालता मिळणारा एसी) तसंच. बार्बेरियनचा १० + डेक्स + कॉन्स्टिट्यूशन, मंकचा १० + डेक्स + विज्डम, पण एकदा एकाकडून मिळाला की दुसऱ्याचा मिळतच नाही.

सुरुवात कुठल्या क्लासने केली याने पण बराच फरक पडतो. सेव्हिंग थ्रोची (आलेलं संकट टाळायचा रोल) प्रोफिशिएन्सी फक्त पहिल्या क्लासची. आधी फायटर असाल तर स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन, आधी रोग असाल तर डेक्स्टेरिटी आणि इंटेलिजन्स, नंतर काहीही घ्या. हेवी आर्मरही फायटर पहिला असेल तरच, नंतर घेतला तर लाइट, मीडियम आणि ढाल एवढंच हाती येतं. उलट रोग पहिला घेतला तर स्किल्स चार मिळतात, फायटर पहिला आणि रोग नंतर असं केलं तर दोन अधिक एक तीनच. हिट पॉइंटला मात्र लोक उगाच घाबरतात. कॉन्स्टिट्यूशन १४, म्हणजे दर लेव्हलला +२, धरा: फायटर आधी घेतला तर पहिल्या लेव्हलचे १२, पुढच्या चार फायटरचे सरासरीने ८ प्रमाणे ३२, रोगचे ७ प्रमाणे २१, झाले ६५. रोग आधी घेतला तर ६४. एका पॉइंटसाठी भांडण नको.

ह्या सगळ्याच्या आधी तुम्हाला परवानगी आहे का ते बघा. आत्ताचा क्लास आणि नवा क्लास दोन्हींच्या मुख्य स्कोअरला किमान १३ लागतो. रोगला डेक्स्टेरिटी, विझर्डला इंटेलिजन्स, फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, आणि पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिष्मा दोन्ही. बाल्डर्स गेट ३ खेळून टेबलवर आलेले लोक इथे अडकतात कारण त्या गेममध्ये ही अटच नाहीये.

जादूवाले दोन क्लास जोडले तर स्लॉट्सचा (स्पेल टाकताना खर्च होणारा साठा) हिशोब वेगळा आणि स्पेल्सचा वेगळा. पॅलाडिन ६ / सॉर्सरर २ घ्या. पॅलाडिनच्या निम्म्या ३, सॉर्सररच्या पूर्ण २, मिळून ५, आणि मल्टिक्लासच्या तक्त्यात पाचव्या ओळीवर पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २ स्लॉट. पण तिसऱ्या लेव्हलचं एकही स्पेल येत नाही! कारण स्पेल निवडताना प्रत्येक क्लास एकटा आहे असं धरायचं, आणि पॅलाडिन ६ दुसऱ्या लेव्हलपर्यंतच जातो, सॉर्सरर २ तर पहिल्यापर्यंतच. मग तो मोठा स्लॉट वाया गेला का, तर नाही, छोटं स्पेल त्यातून टाका नाहीतर डिव्हाइन स्माइटमध्ये (पॅलाडिनचं वारासोबतचं जास्तीचं डॅमेज) ओता, ४डी८ पडतात आणि समोरच्याची वाट लागते. ह्या जोडीचं आणखी सुख म्हणजे दोघांची जादू करिष्मावर, त्यामुळे सेव्ह डीसी (तुमची जादू टाळायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) एकच, ८ + प्रोफिशिएन्सी + करिष्मा. क्लेरिक आणि विझर्ड केलात तर विज्डम आणि इंटेलिजन्सचे दोन डीसी सांभाळत बसा. वॉरलॉकचे पॅक्ट मॅजिकवाले स्लॉट ह्या बेरजेत धरायचेच नाहीत, ते बाजूला वेगळे लिहायचे.

२०२४ च्या नियमांत पॅलाडिन आणि रेंजरची निम्मी लेव्हल वरच्या आकड्याला धरतात, २०१४ मध्ये खालच्या. म्हणजे पॅलाडिन ५ जुन्यात २ मोजला जायचा, नव्यात ३. टेबलवर कुठलं पुस्तक चालू आहे ते डीएमला आधी विचारा, मगच स्लॉट भरा.