एकट्या बाबांनो, मुलगी वाढवताना या चुका टाळा

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. आता ती चौदाची आहे. या दहा वर्षांत माझ्यासारखे बरेच बाप भेटले आणि जवळजवळ प्रत्येकाला मी त्याच त्या चुका करताना पाहिलं. त्या चुकांची किंमत मुलगी मोजते, बापाच्या ते लक्षातही येत नाही. मला आता ते बघवत नाही, म्हणून लिहितोय.

केस मुळापासून विंचरणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. शाळेची वेळ झालेली असते, बाप कंगवा टाळूला टेकवतो आणि सरळ खाली ओढतो. वरचा प्रत्येक लहान गुंता खाली सरकत जातो, खालच्या गुंत्यात अडकतो आणि मानेजवळ त्याची गच्च गाठ बसते. मग आणखी जोर.

मी हेच करायचो. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. डोळे मिटून, खुर्चीची कड घट्ट धरून बसायची. ओरडत नव्हती, म्हणून मला वाटायचं की जमतंय. एका सकाळी डाव्या कानामागची गाठ काही केल्या सुटेना. उशीर होत होता. मी कात्री घेतली आणि गाठ कापून टाकली. ती काही बोलली नाही. उठली, कचऱ्याच्या डब्यातून तो केसांचा पुंजका काढला, कागदात गुंडाळला आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. पुढे कित्येक दिवस ती पुडी तिथेच होती. दप्तर भरताना माझा हात तिला लागायचा.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. विंचरायला सुरुवात टोकापासून. शेवटची चार बोटं मोकळी झाली की थोडं वर, मग आणखी वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुठीवर येते, टाळूपर्यंत जात नाही. ओले केस ताणले जातात आणि लवकर तुटतात, त्यामुळे सरळ केस थोडे सुकू द्या. कुरळ्या केसांचं उलट असतं: ते ओलसर असतानाच, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवायचे. रात्री झोपताना सैल वेणी घातली की सकाळचं निम्मं काम वाचतं. वेणी येत नसेल तर तीन दोऱ्या खुर्चीला बांधून शिका, मुलीच्या डोक्यावर नको. आणि वेणी फार आवळू नका. रोज ताण पडला की कपाळाजवळचे केस विरळ होत जातात.

"त्यापेक्षा बारीक कापून टाक, कटकट नको," असा सल्ला बाप एकमेकांना फार सहज देतात. तिला हवे असतील तर जरूर कापा. तुमचे दहा मिनिटं वाचावेत म्हणून कापू नका. ही दहा मिनिटं तिची पाठ तुमच्याकडे असते, नजरेला नजर द्यावी लागत नाही. शाळेतल्या भांडणापासून रात्रीच्या भीतीपर्यंत सगळं मला याच वेळेत कळलं आहे.

उवा झाल्या तर घाबरू नका, मुंडण तर नकोच. औषधानंतरही लिखा उरतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून डॉक्टरांना विचारून औषध दुसऱ्यांदा लावा आणि बारीक फणी चालू ठेवा.

शौचानंतर पुसताना, धुताना हात पुढून मागे. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे उलट केलं की जंतुसंसर्ग लवकर होतो. हे लहानपणीच शिकवा.

तापाचं औषध अंदाजाने देऊ नका. पॅरासिटामॉलच्या काही बाटल्यांत 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम असतं, काहींत 250. म्हणजे तेच माप भरलं तरी डोस दुपटीहून जास्त होतो. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि बाटलीवर चिकटवा. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबत आलेलं मापच वापरा.

पाळीचं बोलणं पुढे ढकलणं

ही दुसरी चूक, आणि मला सगळ्यात जास्त सलणारी. "अजून लहान आहे", "वेळ आली की आत्या सांगेल." मीही असंच म्हणत होतो. पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी येते एवढंच मला माहीत होतं. माझ्या मुलीला ती साडेदहाव्या वर्षी आली. दोन दिवस तिने मला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी कपाटामागे कागदात गुंडाळलेली चड्डी सापडली. गरम पाण्यात धुतल्यामुळे डाग तांबूस होऊन पक्का बसला होता. मी विचारल्यावर तिने विचारलं, "बाबा, मी सायकलवरून पडले ना, त्याने आत काही फुटलंय का?"

दोन दिवस ती एकटी हे मनात घेऊन शाळेत जात होती.

सरासरी वय बाराच्या आसपास असलं तरी नवव्या-दहाव्या वर्षीही पाळी येऊ शकते. खूण आधी दिसते: छातीत बदल सुरू झाला की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. हा बदल एका बाजूला आधी होऊ शकतो, तिथे दुखतं, लहान गाठ लागते. यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण हे तिलाही आधी सांगावं लागतं. म्हणून आठव्या वर्षीच बोला. एका बैठकीत सगळं नको, जसा विषय निघेल तसं थोडं थोडं. मी आता भेटेल त्या बापाला सांगतो: पॅडचं पाकीट आणा, तिच्यासमोर उघडा, चड्डीला लावून दाखवा, वर पाणी ओता, ते कसं शोषलं जातं ते तिला बघू द्या. दप्तरात दोन पॅड, एक चड्डी आणि एक पिशवी कायमची ठेवा. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं. डाग थंड पाण्यात धुवायचा.

पहिली एक-दोन वर्षं तारखा पुढे-मागे होतात. पण तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जा. आठ वर्षांच्या आधी छातीत बदल दिसला तरीही.

आत्या, मावशी जरूर बोलू देत. पण तुमच्यानंतर. बापच गप्प बसला तर ही गोष्ट बापापासून लपवायची असते, असं ती शिकते.

"आता घरातली मोठी तूच" हे वाक्य कौतुकाने बोललं जातं. कृपा करून बोलू नका. नऊ वर्षांची मुलगी ते खरं मानते आणि तुमची काळजी वाहायला लागते.

आईची आठवण काढून रडली तर विषय बदलू नका. शेजारी बसा. काही सुचलं नाही तर बोलू नका, पण उठून जाऊ नका.

दार वाजवल्याशिवाय तिच्या खोलीत जाऊ नका. उत्तर येईपर्यंत थांबा.

आतल्या कपड्यांचं माप डोळ्यांनी ठरवू नका, आणि लाज वाटते म्हणून दोन मापं मोठे आणून मोकळेही होऊ नका. मी मोजपट्टी तिच्या हातात दिली, एकदा माझ्या शर्टावरून टेप कसा धरायचा ते दाखवलं: एक माप छातीच्या खाली, एक सगळ्यात भरलेल्या जागी. दर सहा महिन्यांनी ती दाराआडून आकडे सांगते, मी बाहेर उभा राहून वहीत लिहून घेतो.