पुरुषांच्या गुप्तांगावरील चामखीळ: बिब्बा लावण्याआधी हे वाचा

लिंगावर, पुढच्या कातडीखाली, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती कातडीच्या रंगाचे अथवा किंचित काळपट, मऊ आणि बहुधा न दुखणारे उंचवटे आले आणि ते वाढत जाऊन फुलकोबीच्या तुऱ्यासारखे दिसू लागले, तर तो चामखीळ असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे यालाच मस म्हणतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या अनेक प्रकारांपैकी ६ आणि ११ या प्रकारांमुळे असे बहुतेक चामखीळ होतात. हे दोन प्रकार सहसा कर्करोग करीत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे, कारण घाबरलेला माणूस चुकीचा उपाय लवकर करतो.

गावात तो चुकीचा उपाय बहुधा बिब्बा, चुना किंवा रुईचा चीक असतो. हाताच्या जाड कातडीवरचा मस अशा जाळण्याने कधी पडलाही असेल. पण लिंगावरची कातडी अतिशय नाजूक असते आणि बिब्ब्याच्या तेलाने तिथे फोड येऊन खोल जखम होते. घोड्याच्या केसाने मस बांधणे किंवा ब्लेडने कापणे यांतही रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका आहे. आठवडी बाजारातल्या तंबूत गुप्तरोगाची हमखास दवा म्हणून विकली जाणारी पुडी घेऊ नये, कारण तिच्यात काय आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. जांघेतले केस वस्तऱ्याने काढणेही तूर्त थांबवावे, कारण त्या बारीक ओरखड्यांतून विषाणू आजूबाजूला पसरू शकतो.

प्रत्येक उंचवटा चामखीळच असतो असे नाही. लिंगाच्या टोकाच्या कडेने एका रांगेत सारख्या आकाराचे बारीक दाणे असतील, तर ती बऱ्याच निरोगी पुरुषांत आढळणारी नैसर्गिक रचना आहे आणि तिला औषध लागत नाही. याउलट चपटे, ओलसर, पांढुरके चट्टे हे गरमी, म्हणजे सिफिलिस, या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावरचा उपचार पूर्णपणे वेगळा आहे. हा फरक मोबाइलवरच्या फोटोवरून ओळखण्याच्या फंदात पडू नये. तपासणीसोबत सिफिलिस आणि एचआयव्ही यांसाठी रक्ताची चाचणीही करून घ्यावी.

त्यासाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा नागपूर, अकोला, यवतमाळ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. अशा रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असते आणि तिथे लैंगिक आजारांची तपासणी व समुपदेशन मोफत मिळते. केसपेपरच्या रांगेत सर्वांसमोर आजार सांगण्याची गरज नाही. ‘त्वचारोग विभागात दाखवायचे आहे’ एवढे पुरेसे आहे. आधी फोनवर बोलायचे असल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा १०९७ हा क्रमांक मोफत आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून शहर गाठणे जड जाते हे खरे. परंतु दोन-चार मस असताना होणारा उपचार गुच्छ झाल्यानंतरच्या उपचारापेक्षा सोपा असतो. लघवीच्या छिद्रात मस असेल, रक्त येत असेल, तो झपाट्याने वाढत असेल किंवा रुग्णाला एचआयव्ही असेल, तर वाट पाहू नये.

डॉक्टर पोडोफायलिनचा लेप किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड स्वतःच्या हाताने लावतात, अतिथंड द्रव नायट्रोजनने मस गोठवतात किंवा भूल देऊन विजेच्या उपकरणाने काढतात. पोडोफायलिन लावल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, साधारणतः एक ते चार तासांत, ते धुऊन टाकावे लागते. शेतातून परत आल्यावर धुऊ म्हटले तर कातडी सोलते. घरी लावण्यासाठी इमिक्विमोड हे ५ टक्के क्रीम आठवड्यातून तीन रात्री लावून सकाळी धुतात, आणि हा क्रम १६ आठवड्यांपर्यंत चालू शकतो. थोडी लाली व आग होणे अपेक्षित आहे, परंतु जखम झाल्यास क्रीम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. या क्रीममुळे कंडोम कमकुवत होऊ शकतो, म्हणून ते अंगावर असताना संबंध ठेवू नयेत.

पत्नीला सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि मला वाटते तोच सर्वांत अवघड भाग आहे. संसर्गानंतर मस दिसायला काही आठवडे, अनेक महिने आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, त्यामुळे तो कोणाकडून आणि केव्हा आला हे कोणताही डॉक्टर मस पाहून सांगू शकत नाही. तेव्हा एकमेकांवर संशय घेऊन भांडण करण्यापेक्षा पत्नीचीही तपासणी करून घ्यावी. तिचे वय ३० किंवा त्याहून अधिक असेल, तर गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये, कारण त्या कर्करोगाला कारणीभूत असलेले १६ व १८ हे प्रकार वेगळे असले तरी तेही सोबत असू शकतात. ती गरोदर असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. पोडोफायलिन तेव्हा चालत नाही.

मस जाईपर्यंत संबंध टाळावेत. कंडोमने धोका कमी होतो, परंतु न झाकलेल्या कातडीतून संसर्ग होऊ शकतो. एचपीव्हीची लस झालेला मस घालवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते आणि ती ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलग्यांनाही देता येते.

उपचारानंतर पहिल्या तीन महिन्यांत मस पुन्हा उगवणे सामान्य आहे. याचा अर्थ औषध फसले किंवा पत्नीकडून पुन्हा लागण झाली असा होत नाही. आसपासच्या कातडीत विषाणू शिल्लक असतो. अशा वेळी जुना केसपेपर घेऊन त्याच विभागात परत जावे.