मांजराच्या लाल हिरड्या: रोजचं अर्धं मिनिट

सात-आठ महिन्यांच्या मांजराचे पक्के दात येऊन गेले, तरी दातांच्या मुळाशी लाल रेघ आणि तोंडाला वास असेल, तर "दात येतायत, जाईल" म्हणून सोडू नका. हिरडी सुजली आहे आणि या वयात ती बरीच आवरता येते.

दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो, मग तो घरी निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा घासण्याला फारसा अर्थ नाही, रोजच घासा. मांजराला पाठमोरं मांडीवर घ्या, ओठ बाजूने वर उचला आणि बोटाला ओली गॉजपट्टी गुंडाळून गालाकडची बाजू हलकेच पुसा. जबडा उघडायच्या फंदात पडू नका, बोचकारे मिळतील. सवय झाली की मांजरांचीच पेस्ट आणि तान्ह्या मुलांचा मऊ ब्रश.

आपली टूथपेस्ट, लवंगतेल नको. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. आणि कोल्हापुरात हे सांगायलाच हवं: पांढऱ्या रश्श्यातला मटणाचा तुकडाही देऊ नका. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक करून चालेल.

लाळ गळत असेल, खाताना ओरडत असेल, तर ब्रश बंद करून डॉक्टर गाठा. भूल देऊन दात साफ करावे लागतात, विषाणूंसाठी रक्तही तपासतात. खाणंच सोडलं असेल तर २४ तासांहून जास्त थांबू नका.