सेल फिरतोय, गाडी पकडत नाही: आधी करंट बघा

सेल (सेल्फ स्टार्टर) खणखणीत फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टरच्या मागे लागू नका. धक्काही मारू नका. धक्का मारून जे होतं ते सेल करतोच आहे. एकेका वेळी १० सेकंदांच्या वर सेल मारू नका, मध्ये थांबा.

जुन्या पेट्रोलच्या गाडीला लागतं काय? पेट्रोल, करंट (म्हणजे प्लगवरची ठिणगी) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). पुण्यात शेजारपाजारचे सगळे आधी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडायला सांगतात. पावसाळ्यात तर हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा.

पेट्रोल एका मिनिटात कळतं. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा, बाजूला उभं राहून आत बघत अॅक्सिलरेटरची तार ओढा. बारीक पिचकारी उडाली की पेट्रोल येतंय. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची गाडी) असेल तर चावी ऑन करून मागच्या सीटपाशी कान द्या. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला पाहिजे. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले बघा.

आता करंट. माझं डोकं सगळ्यात जास्त इथेच फिरलंय, त्यामुळे सावकाश सांगतो. एक स्पार्क प्लग काढा, वायरमध्ये परत खोचा आणि प्लगचे आटे इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवा. इन्शुलेटेड पकडीनेच धरा, हाताने नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात. आसपास सांडलेलं पेट्रोल नको, प्लग काढलेल्या भोकापासूनही लांब. दुसऱ्याला सेल मारायला सांगा. निळी, 'टक्‌ टक्‌' वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक ठिणगी दिसली की लोक 'करंट येतोय' म्हणून पुढे जातात आणि दिवस घालवतात. उघड्यावर दिसणारी तसली ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली टिकत नाही. ती नापास समजा.

डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला करंट वाटून देणाऱ्या डब्याची) गाडी असेल तर पुढची पायरी महत्त्वाची. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या, म्हणजे कॅपच्या मधली, कॉईलकडून (करंटचा दाब वाढवणारा भाग) येणारी वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून ५-६ मिलिमीटरवर धरा, तेही पकडीनेच. वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल मारू नका, कॉईल जाऊ शकते. इथे ठिणगी चांगली आणि प्लगवर नाही, तर दोष कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) किंवा प्लगच्या वायरींत. इथेही नाही, तर कॉईल किंवा पॉइंट (कॉईलचा करंट तोडणारे-जोडणारे संपर्क). पॉइंट नसलेल्या गाडीत त्याच्या जागचा इलेक्ट्रॉनिक भाग.

कॅप काढून आतून उजेडात बघा. ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, हेअर ड्रायर फिरवा. पण दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतोय. ती घासून जात नाही. पॉलिश पेपर मारून 'झाली नवी' म्हणणाऱ्याला नमस्कार करा, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी कॅप आणि रोटर घ्या. जुनी कॅप दाखवायला न्या. मधला स्प्रिंगवाला कार्बन आत दबून परत वर येतो का, तेही बघा. वायरी काढण्याआधी चिकटपट्टीवर नंबर लिहा, अदलाबदल झाली तर इंजिन फट्‌फट्‌ करत राहील.

शंका उरली तर रात्री, पार्किंगचा दिवा घालवून सेल मारा. वायरींवरून निळ्या रेघा सरपटताना दिसतात.

प्लग पेट्रोलने ओले निघाले तर पुसून, वाळवून लावा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारा. एअर फिल्टरमध्ये पेट्रोल ओतायचं मात्र कुणी सांगितलं तरी ऐकू नका. भडका उडतो.

पेट्रोल ठीक, पण करंट कुठेच नाही आणि सेल नेहमीपेक्षा हलका, एकसुरी फिरतोय? कॉईलची वायर इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, कॅप काढा आणि सेल मारायला सांगा. रोटर फिरत नसेल तर बहुधा टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व चालवणारा पट्टा) तुटलाय. सेल मारणं तिथेच थांबवा आणि गाडी टोचन करून गॅरेजला न्या.