न थांबणारा लूप आणि ०.१ चे खरे रूप

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून जेमतेम दोन महिने झाले असताना माझा एक लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग, काही केल्या थांबेना. शून्यापासून सुरू करून दर फेरीत ०.१ मिळवायचे आणि बेरीज १.० झाली की थांबायचे, एवढेच त्याचे काम होते. अट पुन्हा पुन्हा तपासण्यात संध्याकाळ गेल्यावर प्रत्येक फेरीतली किंमत छापून पाहिली, तेव्हा तिसऱ्याच फेरीत ०.३०००००००००००००००४ दिसले, दहाव्या फेरीत ०.९९९९९९९९९९९९९९९९ आले आणि पुढची किंमत थेट १.०९९९९९९९९९९९९९९९ निघाली, म्हणजे ज्या १.० ची मी वाट पाहत होतो ती कधी येणारच नव्हती.

कोडचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरला दोष देऊन झाल्यावर मी कारण शोधले. अपूर्णांक संगणकात कसे साठवायचे हे सांगणारे आयईईई ७५४ हे मानक १९८५ साली ठरले आणि जावाचा डबल हा अपूर्णांकी संख्यांचा प्रकार त्याच्याच ६४ बिटांच्या रचनेत साठवला जातो: १ बिट चिन्हासाठी, ११ घातांकासाठी आणि ५२ अपूर्णांकासाठी. एक तृतीयांश लिहिताना दशमान पद्धतीत ३ जसा संपत नाही, तसाच एक दशांश द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत लिहिताना ००११ हा गट संपत नाही आणि तो कुठेतरी तोडावाच लागतो. ०.५ आणि ०.२५ मात्र नेमके बसतात. माझी आधीची उदाहरणे नेमकी त्यांचीच असल्यामुळे सारे सुरळीत वाटत होते.

पूर्णांकांतही निर्धास्त राहता येत नाही. डबलपेक्षा लहान, ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ साठवून त्यात १ मिळवला तर उत्तर तेच राहते, आणि पूर्णांक साठवणाऱ्या इंटमधल्या २,१४,७४,८३,६४७ मध्ये १ मिळवला तर कोणतीही तक्रार न करता संख्या ऋण होते.

तेव्हापासून टाइप, म्हणजे संख्या साठवण्याचा प्रकार, निवडण्याआधी मी स्वतःला विचारतो की ही संख्या गणतीची आहे की मोजमापाची. गणतीसाठी इंट किंवा त्याहून मोठा लाँग वापरावा. तापमान, लांबी यांसारख्या मोजमापांना डबल पुरतो, कारण मोजणाऱ्या उपकरणाची चूक बहुधा डबलच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असते. फ्लोट मी सहसा टाळतो. दोन डबल थेट समान आहेत का हे न पाहता त्यांतला फरक पुरेसा लहान आहे का ते पाहावे, आणि ‘पुरेसा’ म्हणजे किती हे त्या संख्यांच्या आकारावरून ठरवावे. सगळीकडे एकच मर्यादा चिकटवणे ही आळशी सवय आहे.

पैशांचा हिशेब सर्वांत लहान एककात लाँगमध्ये किंवा बिगडेसिमल या दशांश संख्या नेमक्या साठवणाऱ्या प्रकारात ठेवावा. तिथेही मी फसलो होतो: बिगडेसिमलच्या कन्स्ट्रक्टरला (नवी संख्या तयार करणाऱ्या कोडला) ०.१ हा डबल दिल्यास त्यातली चूक जशीच्या तशी आत जाते, म्हणून ती किंमत अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्यावी लागते. शिवाय बिगडेसिमलची इक्वल्स ही समानता तपासणारी मेथड १.० आणि १.०० यांना वेगळे मानते. तुलनेसाठी कम्पेअरटू वापरावी.